जत्रा बंद, बोलणीही बंद: गावातल्या दोन गटांची समजूत कुठे अडकते आणि कशी सोडवावी

विचारणा थोडक्यात अशी आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात देवळाचे महाजन (वंशपरंपरेने देवस्थानचे सभासद असलेली घराणी) आणि इतर ग्रामस्थ यांच्यात पालखीचा खांदा, पहिला नारळ आणि पावणीचे, म्हणजे देवापुढच्या वस्तूंच्या लिलावाचे, पैसे यांवरून वाद आहे. तीन वर्षे जत्रा झालेली नाही. दिवाणी न्यायालयात दावा पडून आहे. मामलेदारांच्या दालनात नऊ बैठका झाल्या, मधल्या काळात दोन मामलेदार बदलून गेले. विचारणारे ग्रामस्थांच्या बाजूचे आहेत. त्यांच्याकडचे तरुण आता म्हणतात, बोलणी पुरे, यंदा पालखी आम्हीच काढू. अशा वेळी काय करावे?

तुमचा वैताग खरा आहे आणि तरुणांचाही खरा आहे. तरीही पुढचे पाऊल टाकण्याआधी त्या नऊ बैठकांची टिपणे एकदा काढून बघा. बहुतेक ठिकाणी असे आढळते की नऊ बैठकांत एकाच प्रश्नावर नऊ वेळा बोलणे झालेले असते: देऊळ कोणाचे? या प्रश्नाचा निकाल मामलेदारांच्या दालनात लागूच शकत नाही, कारण तो न्यायालयापुढे आहे. जो हक्क मान्य केला तर खटला हरलो असे होईल, तो कोणताही पक्ष चहाच्या टेबलावर सोडणार नाही. त्यामुळे पालखीची वेळ ठरवायला बसलेली माणसे दहा मिनिटांत महाजनांच्या नोंदवहीवर येतात आणि बैठक तिथेच संपते.

म्हणून पहिले काम म्हणजे हे दोन धागे सोडवणे. हक्काचा प्रश्न न्यायालयात राहू द्या, तिथे त्याला लागायची तितकी वर्षे लागोत. यंदाची जत्रा कशी करायची, एवढाच विषय गावात घ्या, आणि तोही फक्त एका वर्षापुरता. "सगळे ठरल्याशिवाय काहीच ठरले नाही असे समजायचे" हा नियम मोठ्या राजकीय वाटाघाटींत वापरतात. गावाच्या वादात तो लावलात तर जत्रा कधीच होणार नाही.

आता एक अवघड हिशेब करा. यंदाही जत्रा झाली नाही तर नेमके कोणाचे काय बिघडते? बोलणी रखडतात ती बहुतेक वेळा या हिशेबामुळे. सायप्रस बेटाचे उदाहरण घ्या. १९७४ पासून ते बेट ग्रीक आणि तुर्की भाषक अशा दोन भागांत दुभंगले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या एकीकरणाच्या आराखड्यावर २४ एप्रिल २००४ रोजी दोन्ही बाजूंना वेगवेगळे सार्वमत झाले. तुर्की सायप्रियटांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला, ग्रीक सायप्रियटांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी नकार. नकारामागे सुरक्षा, मालमत्ता अशी अनेक कारणे होती. पण त्यांतले एक व्यवहाराचे होते. बरोबर एका आठवड्याने, १ मे रोजी, सायप्रस युरोपीय संघात जाणार होते आणि ते आराखडा मंजूर होण्यावर अवलंबून नव्हते. नकार देऊनही हातचे काही जाणार नव्हते.

तुमच्या गावातही हेच तपासा. जत्रा बंद राहिली तर महाजनांच्या समितीला नवा पायंडा पडण्याची भीती उरत नाही. ग्रामस्थांच्या पुढाऱ्यांना बंद जत्रा हा अन्यायाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. म्हणजे टेबलावर बसलेल्या दोघांनाही थांबून राहणे परवडते. ज्यांना परवडत नाही ती माणसे बैठकीत नसतात: खाजेवाले, फुलकार, वाजंत्री, नाटकाची मंडळी, दिवजांना, म्हणजे हाती दिवे घेऊन, उभ्या राहणाऱ्या सुवासिनी, ओटी भरायला माहेरी येणाऱ्या लेकी. त्यांना तिसरा पक्ष बनवू नका. मात्र त्यांचा हिशेब एका पानावर लिहून काढा. शेवटच्या जत्रेला किती दुकाने लागली होती, दुकानाच्या जागेचे किती घेतले, पावणीत किती जमले, किती दिवजां होती, किती कुळावी (हे देऊळ ज्यांचे कुलदैवत ते भक्त) बाहेरगावाहून आले, हे सगळे आकड्यांत लिहा. हा कागद दोन्ही बाजूंच्या घराघरांत जाऊ द्या. जत्रा बंद राहण्याची किंमत घरातल्या माणसांना दिसू लागली की पुढाऱ्यांवरचा दबाव आतून येतो. बाहेरून कितीही जोर लावला तरी तो तसा येत नाही.

इथे एक रेघ स्पष्ट ओढायला हवी. जातीवरून कोणाला देवळात येऊ देत नसतील, पायरीवर अडवत असतील, तीर्थप्रसाद लांबून टाकत असतील, तर तो समजुतीचा विषय नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवलेली आहे, नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ पासून आहे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्या गोष्टीची तक्रार करायची असते. "थोडे तुम्ही सोडा, थोडे ते सोडतील" असे तिथे कोणी म्हणू लागला तर उठून यावे. समजूत करायची ती क्रम, वेळ, मार्ग, संख्या आणि हिशेब या पाच बाबींची. दोन्ही याद्या वेगळ्या कागदांवर लिहा. अनेक गावांत त्या एकत्र कालवल्या जातात, आणि मग मानाच्या नारळाची तक्रार हक्काच्या भाषेत व हक्काची तक्रार मानाच्या भाषेत मांडली जाते. दोन्ही फसतात.

बैठकीला किती माणसे न्यावीत? पाच आणि पाच. याहून जास्त झाली की भाषणे सुरू होतात. दोन्हीकडून किमान एक बाई असावी, आणि तिची निवड दिवजां, ओट्या, नैवेद्य ही कामे प्रत्यक्ष करणाऱ्यांतून व्हावी. सर्वांत जास्त विरोध करणारा एक तरुण दोन्ही बाजूंनी आत घ्याच. बाहेर ठेवलेला कडवा माणूस कागद फाडतो. आत बसलेला भांडतो, पण कागदात आपला शब्द आला की तोच तो सांभाळतो. वकिलांना खोलीत आणू नका, मसुदा मात्र सहीआधी त्यांना वाचायला द्या.

या पाचजणांना लेखी अधिकारपत्र हवे. त्यात तीन रकाने करा: कशाला तिथल्या तिथे होकार देऊ शकतात, काय परत येऊन विचारायचे, आणि कशाला हात लावायचा नाही. हे पत्र नसले की पाचही जण बैठकीत मान डोलावतात आणि वाड्यावर (आपल्या वस्तीवर) परतल्यावर "आम्ही काही कबूल केले नाही" म्हणतात. त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप होतो, पण दोष अधिकारपत्र न देणाऱ्यांचा असतो.

मध्यस्थ कोण, हा पुढचा प्रश्न. गोव्यात देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या नियमनाखाली चालतो आणि मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक असतात. समितीवर देखरेख करणारा अधिकारी त्याच समितीच्या वादात मध्यस्थ झाला की एका बाजूला तो वरिष्ठ वाटतो आणि दुसऱ्या बाजूला समितीचाच माणूस वाटतो. शिवाय त्याची बदली होते आणि नवा अधिकारी पहिल्या पानापासून सुरू करतो. तुमच्याकडे दोनदा हेच झाले. मामलेदारांना टाळू नका. त्यांचे काम शेवटी आहे, तयार कागदाची नोंद घेण्याचे. सरपंच, पंच, आमदार यांनाही खुर्चीवर बसवू नका, कारण दोन्ही वाडे त्यांचे मतदार आहेत आणि ते कधीच कोणाला स्पष्ट बोलू शकणार नाहीत.

मध्यस्थी कायदा, २०२३ मध्ये सामुदायिक मध्यस्थीचे वेगळे प्रकरण आहे. परिसरातल्या रहिवाशांची शांतता व सलोखा बिघडवू शकणारा वाद दोन्ही पक्षांच्या आगाऊ संमतीने तीन मध्यस्थांच्या मंडळाकडे देण्याची तरतूद कलम ४३ मध्ये आहे. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. हा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात आणला जात असल्याने अर्जाआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात हे प्रकरण लागू झाल्याची खात्री करून घ्या. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. एक गोष्ट आधीच समजून असा: या मार्गाने झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही, असे कलम ४४ मध्येच लिहिले आहे. तो शांततेसाठीचा कागद आहे. मला ही त्याची उणीव वाटत नाही. मोडला तरी हक्क जात नाही, हे ठाऊक असल्यामुळेच माणसे सही करायला धजतात.

मार्ग औपचारिक असो वा नसो, तीन मध्यस्थ निवडायची सोपी रीत अशी. प्रत्येक बाजूने सहा नावे द्यायची, सगळी गावाबाहेरची: शेजारगावचे निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर, दुसऱ्या देवस्थानचे माजी पदाधिकारी, बचतगट चालवणारी बाई. मग याद्या बदलायच्या आणि समोरच्या यादीतली नको असलेली नावे कारण न देता खोडायची. दोन्ही याद्यांतून एकेक नाव उरले की त्या दोघांनी मिळून तिसरे निवडायचे. एखादी यादी पूर्ण खोडली गेली तर नवी सहा नावे. दोन फेऱ्यांत हे न जमल्यास तिसरी करू नका, नावे सुचवण्याचे काम प्राधिकरणावर सोपवा.

वेळापत्रक जत्रेच्या तिथीपासून उलटे मोजा. जत्रेला पंधरा दिवस राहिले की कोणीही मोकळेपणाने बोलत नाही, तेव्हा सुरुवात किमान १२० दिवस आधी हवी. पहिले तीस दिवस मध्यस्थांनी दोन्ही बाजूंना वेगवेगळे भेटावे, प्रत्येकी किमान तीनदा. या काळात समोरासमोर बैठक घेऊच नका. पुढच्या तीस दिवसांत मसुदा, त्यापुढच्या वीस दिवसांत वाड्यांवर वाचन आणि दुरुस्त्या. जत्रेला ४० दिवस उरले असताना सह्या झालेल्या असाव्यात. राहिलेला वेळ पोलीस, परवाने, वाजंत्री आणि तालमींसाठी लागतोच.

जागा देवळाची अग्रशाळा (भक्तांना उतरायची धर्मशाळा) नको, पंचायतीचे सभागृहही नको. रविवारी प्राथमिक शाळेचा वर्ग मिळतो, तो घ्या. बैठक दीड तासाची, घड्याळ लावून. फोन बाहेर टोपलीत. टिपणे घेणारे दोघे, प्रत्येक बाजूचा एक, आणि उठण्याआधी दोघांची टिपणे मोठ्याने वाचून जुळवायची. बैठकीतले बोलणे न्यायालयात पुरावा म्हणून वापरणार नाही, असे पहिल्याच दिवशी लिहून दोघांनी सही करायची. खटला चालू असताना हा कागद नसेल तर प्रत्येक जण उलटतपासणीला उत्तर दिल्यासारखा बोलतो.

मसुदा लिहिण्यासाठी एकाच कागदाची पद्धत वापरा. दोन्ही बाजूंनी आपापला मसुदा आणला की दोन मसुद्यांची कुस्ती होते आणि आपले एक वाक्य मागे घेणे म्हणजे हार ठरते. त्याऐवजी मध्यस्थाने एक कच्चा कागद करायचा. तो कोणाचाच नसतो. दोन्ही बाजूंना एवढेच विचारायचे, "यात तुम्हाला काय चालणार नाही आणि का?" उत्तरे घेऊन नवा कागद, पुन्हा तोच प्रश्न. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायल यांच्यात तेरा दिवसांत असे तेवीस मसुदे फिरले होते. गावाच्या जत्रेला सहासात पुरतात. कोणालाही "हे मान्य आहे का?" असे शेवटच्या फेरीपर्यंत विचारू नका.

आता प्रत्यक्ष पालखी. मिरवणुकीच्या वादांवर उत्तर आयर्लंडमध्ये मोठा अनुभव जमा झालेला आहे. तिथे एका समाजाची संचलने दुसऱ्याच्या वस्तीतून जाण्यावरून दंगली होत. १९९८ मध्ये कायद्याने मिरवणूक आयोग नेमला गेला. संचलन काढणाऱ्यांनी २८ दिवस आधी ठरावीक अर्जात मार्ग, वेळ, माणसे, बँड यांची माहिती द्यायची असते. वाद असेल तर आयोग मार्ग आणि अटी ठरवतो, उदाहरणार्थ प्रार्थनास्थळासमोरून जाताना वाद्ये बंद, फक्त ढोलाचा एकेक ठोका. संचलनाचा हक्क मोठा की वस्तीचा, याचा निवाडा न करता हे काम चालते. निवाडा फक्त रस्ता, वेळ आणि आवाजाचा होतो.

तुमच्याकडे याच धर्तीवर पालखीचा कागद करा. मार्गाचा हाताने काढलेला नकाशा हवा, त्यावर प्रत्येक पेणे (पालखी थांबायची जागा), तिथे पोचायची वेळ आणि थांबायची मिनिटे. खांदा पावलांवर किंवा "थोड्या वेळाने" बदलायचा असे लिहिले तर पहिल्या वळणावर ओढाताण होते. खांदा पेण्यावरच बदलायचा, पालखी ठेवलेली असताना. दोन पेण्यांमधल्या टप्प्याला क्रमांक द्या आणि टप्प्यागणिक खांदेकऱ्यांची नावे लिहा, दोन जास्तीच्या माणसांसकट. पहिला टप्पा एकाचा असेल तर देवळात परत शिरण्याचा टप्पा दुसऱ्याचा. हे दोन टप्पे मानाचे असतात, मधल्यांवर क्वचितच भांडण होते. त्यामुळे बोलणी या दोनांवरच ठेवा.

पहिल्या नारळाचे तसे नाही. एकाच वेळी दोन नारळ फोडायचे, हा तोडगा बऱ्याचदा सुचवला जातो आणि बऱ्याचदा फसतो, कारण एखादा नारळ अर्धा क्षण आधी फुटतोच आणि ते कोणीतरी चित्रफितीत पकडतो. जास्त टिकणारा मार्ग असा की त्या वर्षापुरता पहिला नारळ कोणाच्याच नावाने नाही. तो गावाचा नारळ, पुजारी ठेवतील, मग बाकीचे मान. गाऱ्हाण्याचे शब्दही आधी लिहून काढा. कोणत्या वाड्याचे, कोणत्या घराण्याचे नाव आधी येते, यावरून जत्रेच्या ऐन वेळी बोलाचाली झाल्याशिवाय राहत नाहीत. नावे घ्यायचीच असतील तर ज्या क्रमाने पालखी वाड्यांतून जाते त्या क्रमाने घ्या. त्याला कारण आहे आणि ते सर्वांना दिसते.

पावणीच्या पैशांचा प्रश्न सर्वांत सोपा असतो, पण संशय सर्वांत जास्त तिथेच साठतो. पेटीला दोन कुलपे, दोन्ही बाजूंकडे एकेक किल्ली. पावणीची बोली लागली की पावती तिथेच, दोन प्रतींत. मोजणी त्याच रात्री, दोन्ही बाजूंचे दोन-दोन आणि मध्यस्थांपैकी एक यांच्यासमोर. आकडा फळ्यावर लिहायचा आणि कामकाजाच्या पुढच्या दिवशी रक्कम देवस्थानच्या बँक खात्यात भरायची. खर्च करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न न्यायालयात असेल तर यंदाच्या पावणीची रक्कम निकालापर्यंत वेगळ्या मुदत ठेवीत राहू द्या. जत्रेचा चालू खर्च आधीच ठरलेल्या वर्गणीतून करा.

देवाचा प्रसाद घेऊन, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कोणत्या बाजूची पडते त्यावरून कौल मानून, ठरवू, असे कोणी ना कोणी म्हणेलच. या प्रथेला मी कमी लेखत नाही, लोकांचा तिच्यावर जीव आहे आणि तिच्यामुळे अनेक गावांत शब्द पाळला जातो. पण तिच्यासमोर कोणता प्रश्न ठेवायचा, याला मर्यादा हवी. "हक्क कोणाचा" असा कौल मागू नका. उलट कौल आला की हरलेली बाजू पाकळी लावणाऱ्यावर संशय घेते आणि वाद देवापर्यंत जातो. दोन्ही बाजूंनी दोन पर्याय आधीच लेखी मान्य केलेले असतील, म्हणजे पहिला टप्पा उजवीकडच्यांनी घेतला काय नि डावीकडच्यांनी घेतला काय, दोन्ही चालेल असे ठरले असेल, तरच त्यांतला एक निवडण्यासाठी प्रसाद घ्या. तोही पाच-पाच जणांच्या देखत.

समझोत्याचा कागद दोन पानांपेक्षा मोठा करू नका. गाभा असा ठेवता येईल:

"आम्ही खाली सह्या करणारे, सोबतच्या अधिकारपत्रांनुसार, पुढीलप्रमाणे ठरवतो. (१) ही व्यवस्था फक्त यंदाच्या जत्रेपुरती असून जत्रेनंतर तीस दिवसांनी आपोआप संपेल. (२) या व्यवस्थेमुळे कोणत्याही पक्षाच्या हक्कांना, दाव्यांना किंवा न्यायालयातील भूमिकेला बाधा येणार नाही. ही व्यवस्था रूढी किंवा वहिवाट म्हणून कोणीही पुढे करणार नाही. (३) पालखीचा मार्ग, पेणी, वेळा आणि खांदेकरी सोबतच्या नकाशाप्रमाणे. (४) पहिला नारळ गावाच्या नावाने. गाऱ्हाणे सोबतच्या मजकुराप्रमाणे. (५) पावणीची मोजणी आणि ठेव सोबतच्या रीतीप्रमाणे. (६) अडचण आल्यास प्रत्येक पेण्यावर नेमलेले दोघे समन्वयक मिळून निर्णय देतील. पंधरा मिनिटांत न जमल्यास मध्यस्थांचा शब्द त्या दिवसापुरता अंतिम."

दुसरे कलम हा या कागदाचा कणा आहे. महाजनांना भीती असते की एकदा दिलेला खांदा उद्या वहिवाट म्हणून न्यायालयात मांडला जाईल. ग्रामस्थांना भीती असते की एकदा मानलेला क्रम ही कबुली ठरेल. दोघांची भीती रास्त आहे, आणि ते वाक्य दोघांना सारखेच संरक्षण देते. वकिलांकडून ते नीट घासूनपुसून घ्या.

शब्द संदिग्ध ठेवावेत का? तत्त्वाच्या बाबतीत कधीकधी ठेवावेत. गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा आपल्यासमोर आहे: देवनागरी कोकणी ही राजभाषा, आणि शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर करता येईल. त्या शब्दांचा अर्थ दोन बाजू आजही वेगवेगळा लावतात आणि दोघांच्या मनात सल आहे, तरी रस्त्यावरचा संघर्ष थांबला आणि सरकारी काम चालू राहिले. पण संदिग्धता तत्त्वापुरतीच. वेळ, जागा, माणसांची नावे आणि रुपये यांत एकही शब्द सैल राहता कामा नये. "सायंकाळी" असे लिहू नका, "६.३०" लिहा.

कागद झाला की तीन ठिकाणी जातो. मामलेदारांकडे नोंदीसाठी. उपजिल्हाधिकारी आणि पोलीस ठाण्याकडे, कारण वाद दिसला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदीचा आदेश निघतो, तो दोन महिन्यांपर्यंत टिकू शकतो आणि त्यात जत्राच बुडते. तुमच्याकडे सह्यांचा कागद, नकाशा आणि समन्वयकांचे क्रमांक महिनाभर आधी पोचले तर सरसकट बंदीऐवजी बंदोबस्तात जत्रा होऊ देणे अधिकाऱ्यांना सोपे जाते. तिसरी जागा न्यायालय. दावा सर्व महाजनांच्या किंवा सर्व ग्रामस्थांच्या वतीने प्रातिनिधिक स्वरूपात दाखल असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३-ब प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड रद्दबातल ठरते. त्यामुळे कागदाला तडजोडीचे रूप देऊ नका. तात्पुरती व्यवस्था म्हणून संयुक्त अर्जाने न्यायालयाच्या निदर्शनास आणा. आणि "आधी दावा मागे घ्या, मग बोलू" ही अट कोणीच घालू नये. एवढ्या एका अटीपायी वर्षे गेलेली आहेत.

बिघडते कुठे, तेही सांगतो. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर फुटतो आणि त्यातले एकच वाक्य फिरते. म्हणून कच्चे मसुदे छापील, क्रमांक घातलेले, बैठकीनंतर परत घेतलेले असावेत, आणि वाड्यावर सांगायचे दोन ओळींचे निवेदन दोन्ही बाजूंचे एकच असावे. जत्रेच्या रात्री वेळापत्रक घसरते आणि दहा वाजले की ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. ज्यांचा टप्पा दहानंतर येतो त्यांना आपली वाजंत्री मुद्दाम बुडवली असे वाटते. तेव्हा दोघांचेही मानाचे टप्पे साडेनऊच्या आत बसवा. मद्य प्यालेला खांदेकरी आला तर काय, हे आधी लिहा: जास्तीच्या दोघांपैकी एक त्याची जागा घेईल, आणि त्याला बाजूला त्याच्याच बाजूचा समन्वयक करील, दुसरा हात लावणार नाही. धक्काबुक्की झाली तर पालखी जवळच्या पेण्यावर ठेवायची, वाजप थांबवायचे, ध्वनिवर्धकावर कोणीही बोलायचे नाही. पंधरा मिनिटांत बहुतेक भांडणे निवतात. दोषी बाजूला शिक्षा असेल तर ती छोटी ठेवा: तो एक टप्पा शेजारगावच्या खांदेकऱ्यांकडे. मोठी शिक्षा लिहिली तर ती अमलात आणताना जत्रा मोडते.

समोरची बाजू बोलायलाच तयार नसेल तर? तुमच्या तरुणांना हाच प्रश्न जाळतो आहे. स्वतःच पालखी काढली तर पहिल्या वळणावर पोलीस येतील. शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून देण्याची नोटीस वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या नावे निघेल आणि नोकरीसाठी पोलिसांचा दाखला काढताना त्यांनाच ती नडेल. त्यांना हे उघड सांगा, आणि ते करण्याऐवजी हाताला काम द्या.

सायप्रसची वाटाघाट अनेकदा मोडली, जुलै २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंटानाला तर सुरक्षा आणि हमीदार देशांच्या प्रश्नावर अगदी जवळ येऊन मोडली. पण त्या दुभंगलेल्या बेटावर दोन गोष्टी चालू राहिल्या. एक म्हणजे राजधानी निकोसियाचे सांडपाणी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या दोन बाजूंच्या महापौरांनी, लेलोस डेमेट्रियाडिस आणि मुस्तफा अकिंजी यांनी, मलनिस्सारण एकत्र चालवायचे ठरवले, कारण उताराला सीमारेषा कळत नाही. दुसरी म्हणजे बेपत्ता व्यक्तींची समिती. दोन्ही समाजांतल्या मिळून २००२ बेपत्ता माणसांची तिची यादी आहे. समिती १९८१ मध्ये स्थापन झाली आणि पंचवीस वर्षांनी तिचे उत्खननाचे काम जोमाने सुरू झाले. आजवर हजाराहून अधिक जणांचे अवशेष ओळख पटवून घरच्यांना दिले गेले. कोणी मारले हे ठरवायचे काम तिच्याकडे नाही. तो प्रश्न तिच्या कक्षेबाहेर ठेवला, म्हणून दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एका खड्ड्यात उतरून काम करू शकतात.

तुमच्या गावात असे काम शोधा, ज्यात देऊळ कोणाचे हा प्रश्न येतच नाही. देवळाच्या तळीपेक्षा वाड्यांमधून वाहणारा ओहोळ, पावसाआधी त्यातला गाळ काढणे. स्मशानाची वाट. दोन्ही वाड्यांतली मुले जातात त्या शाळेचे छप्पर. मे महिन्यात चार रविवार, प्रत्येक बाजूचे दहा जण, हत्यारे पंचायतीची, जेवण आळीपाळीने. सुरुवातीला समोरचे दहा येणार नाहीत, दोघे येतील. दोघांनाच घेऊन करा आणि फोटो टाकताना त्यांना पुढे उभे करू नका, त्यांच्या वाड्यावर त्यांना त्रास होतो. पाऊस संपेपर्यंत हे दोघे तुमच्यासाठी नऊ बैठकांपेक्षा जास्त निरोप नेतील-आणतील.

जत्रा पार पडली की पंधरा दिवसांच्या आत पुन्हा त्याच वर्गात बसा. कोणत्या पेण्यावर किती उशीर झाला, पावती कुठे चुकली, कोण रागावून गेला, एवढेच बोला. जमलेली रक्कम आणि ठेवपावतीची प्रत दोन्ही वाड्यांवर लावा. मग जुन्या मसुद्यावर लाल शाईने दुरुस्त्या करून पुढच्या वर्षाचा पहिला कच्चा कागद तयार ठेवा. त्यावर तारीख घाला, सह्या मात्र घेऊ नका. पुढच्या वेळी समिती किंवा मामलेदार बदललेले असतील तेव्हा सुरुवात त्याच कागदापासून करा.